एका चाळीतली दोन बाळं

मोठीला या उन्हाळ्यात तिच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत काम मिळालं, हे परवा फोनवर कळलं. तिथे लहान बाळांना पडद्यावर चित्रं दाखवतात आणि त्यांची नजर कुठे किती वेळ टिकते ते यंत्र मोजतं, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आजी, तू कधी असं काही केलंयस?" मी हो म्हटल्यावर धाकटा मागून ओरडला, "यंत्राशिवाय?" यंत्राशिवायच. पण फोनवर हे नीट सांगता येत नाही, मध्येच तुमच्यापैकी कुणाची तरी बस येते. म्हणून लिहिते आहे, आणि क्रमाने लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही मुलुंडला राहत होतो आणि मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय मानसशास्त्र. आमच्या प्राध्यापिकांच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई घाटकोपरच्या बाजूला पालिकेच्या रुग्णालयात मुलांच्या डॉक्टर होत्या. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेली, कमी वजनाची बाळं पुढे कशी वाढतात याचा त्या अभ्यास करत होत्या आणि त्यांना हाताखाली एक विद्यार्थिनी हवी होती. माझं इंग्रजी बरं होतं आणि अक्षर लोकांना वाचता येत होतं, एवढ्यावर माझी निवड झाली. बाळांचा मला काडीचा अनुभव नव्हता. पहिल्या दिवशी एक बाळ हातात दिलं तेव्हा मी त्याला दोन्ही हातांवर आडवं, ताटासारखं धरलं. "जेवायला वाढायचंय का त्याच्यात?" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं असंच होतं. रागावल्यात की थट्टा करतायत हे कळायला मला महिना लागला.

आमची सगळी साधनं एका रेक्झिनच्या पिशवीत मावत. दोरीला बांधलेला लाल लोकरीचा गोळा, एक छोटी घंटा, एक खुळखुळा, लाकडी ठोकळे. आई बाळाला घेऊन दर दोन महिन्यांनी यायची. बाळाला सतरंजीवर ठेवायचं. मी गोळा त्याच्या डोळ्यांसमोरून हळूहळू फिरवायची. नजर मागोमाग येते का, ते डॉक्टरबाई बघायच्या. मग घंटा. मग हात धरून बाळाला बसतं करायचं आणि मान मागे पडते की बरोबर येते ते पाहायचं. आम्ही याला तपासणी म्हणायचो, आया परीक्षा म्हणायच्या. बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता त्या हळूच विचारत, "पास झाला ना, ताई?" आम्ही कितीही सांगितलं तरी हा शब्द गेला नाही. एक आजी तर नातवाला कपाळावर दही-साखरेचं बोट लावूनच आणायच्या.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. डॉक्टरबाईंनी बाळांचे दोन गट केले होते. एका गटातल्या आयांना दर आठवड्याला बोलावून बाळाकडून करून घ्यायचे व्यायाम शिकवायचे. दुसऱ्या गटातल्या बाळांची फक्त तपासणी. कोण कुठल्या गटात, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं. हे मला फार निष्ठुर वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "व्यायामाने फरक पडतो की ही बाळं वेळ गेला की आपोआपच सावरतात, हे मला माहीत नाही. माहीत असतं तर सगळ्यांना शिकवलं असतं. माहीत नाही म्हणून तर हा खटाटोप." आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्या आठवड्यातच बजावली होती: मी बघायचं, लिहायचं, निरोप द्यायचे. सल्ला द्यायचा नाही.

निरोप देणं हे माझं दुसरं काम होतं. चाळीत फोन नसायचे, पोस्टकार्ड वेळेवर पोचेलच असं नव्हतं. म्हणून तपासणीची तारीख जवळ आली की मी कॉलेज सुटल्यावर बसने घरोघर आठवण करून द्यायला जायची.

विक्रोळीला, कारखान्यांच्या मागच्या बाजूला एका चाळीत आमची दोन बाळं होती, आणि तीही शेजारच्या खोल्यांत. एक मुलगा. त्याचे आईवडील सोलापूरकडचे. दुसरी मुलगी. तिचे वडील तिथल्याच एका कारखान्यात होते, घर मालवणकडचं, आणि घरात आजीचं राज्य. मुलगा व्यायामाच्या गटात निघाला, मुलगी दुसऱ्या. चिठ्ठी उघडली तेव्हा मुलीच्या आईने विचारलं होतं, "हिला शिकवणार आणि मला नाही? का?" डॉक्टरबाईंनी समजावलं, तिने मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं हे मलाही दिसलं.

ती मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली होती. घरी आणली तेव्हा गॅलरीतली एक बाई दुपटं बाजूला करून म्हणाली होती, "अगं बाई, हे तर उंदराचं पिल्लू." मुलीच्या आईने हे मला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ती हसत होती, आणि दोन्ही वेळा मला तिच्याकडे बघवलं नव्हतं. तिच्यापेक्षा मी जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान असेन. मुलगी इतर मुलांसारखी होईल की नाही, एवढाच एक प्रश्न तिच्या मनात सकाळ-संध्याकाळ होता.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी निरोप घेऊन त्या चाळीत गेले. मुलगी तेव्हा सात महिन्यांची होत आली होती. मला जिन्यात बघितल्याबरोबर तिची आई म्हणाली, "ताई, तारीख मग सांगा. आधी गंमत बघा."

तिने गॅलरीत पाट ठेवला, मुलीला काखांखाली धरलं आणि पाटावर उभं केलं. मुलगी ताडकन उभी राहिली. आईने हात सैल सोडले तरी गुडघे वाकले नाहीत. गॅलरीतल्या बायका जमल्याच होत्या. "सात महिन्यांची! आमच्याला वर्ष लागलं," कुणीतरी म्हणालं. शेजारची, त्या मुलाची आई, पोराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. ती अभिमानाने म्हणाली, "मी शिकवलं बरं का हिला. दवाखान्यात माझ्या पोराचं जे करून घ्यायला सांगतात ना, तेच. रोज दुपारी दोघांचं बरोबर करतो. माझा गाढव अजून गुडघ्यात लटपटतो, आणि हिची बघा!"

मी पायांकडे बघत होते. पाटावर फक्त बोटं टेकली होती, टाचा वर होत्या. आणि दोन्ही पाय गुडघ्यांपाशी एकमेकांवर चढत होते, कात्रीच्या पात्यांसारखे.

काही आठवड्यांपूर्वी डॉक्टरबाईंनी एका बाळाच्या वेळी मला मुद्दाम जवळ बोलावलं होतं. "नीट बघून ठेव," त्या म्हणाल्या होत्या. "आईला वाटतंय बाळ लवकर उभं राहिलं. ते उभं राहत नाहीये. त्याचे पाय ताठ होतायत. असं उभं करत राहिलं की ताठरपणा वाढतो." शेजारचा मुलगा अंगाने सैल होता, म्हणून त्याला पायांवर भार द्यायला शिकवत होते. या मुलीचं दुखणं नेमकं उलटं होतं.

सल्ला द्यायचा नाही हे मला पाठ होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "हिला उभं करू नका."

"का?" मुलीच्या आईने विचारलं.

"पाय ताठ होतायत तिचे."

"ताठ नाही होणार तर उभी कशी राहील?"

आजी आतून पदराला हात पुसत आल्या. "काय म्हणता गे ही? चेडू उभा रवता, आणि रवू नको म्हणता?" चेडू म्हणजे पोरगी. त्यांनी मला खालपासून वर न्याहाळलं. "गे बाय, तुजा लगीन झाला?"

"नाही."

"मगे!" त्या म्हणाल्या, आणि विषय संपल्यासारख्या आत गेल्या. बायका हसल्या. मुलीची आई हसली नाही. तिने मुलीला उचलून छातीशी घेतलं.

"चिठ्ठी निघाली नाही म्हणून तुम्ही शिकवलं नाही," ती म्हणाली. "हिने शिकवलं, तर तेही चालत नाही. माझी पोरगी पुढे गेलेली बघवत नाही का तुला?" 'ताई, तुम्ही'वरून ती 'तू'वर आली होती. "आम्ही नाही येणार परीक्षेला. परवा गावाला चाललोय, गणपतीला. तिथे दाखवू सगळ्यांना."

मी दुसऱ्या दिवशी लेक्चर सोडून रुग्णालय गाठलं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सल्ला द्यायला सांगितलं होतं तुला?"

"नाही."

"टाचा वर होत्या, हे नक्की पाहिलंस?"

"हो."

त्या एकदम स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "चाळीत दोन गट पाडले मी! एका खोलीत मिरचीची फोडणी बसली तर दुसऱ्या खोलीत ठसका लागतो, आणि मी व्यायाम गुपित ठेवायला निघाले. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये राहून चाळीचा अभ्यास करायला गेलं की असं होतं." मग हसू थांबलं. "कधी निघतायत म्हणालीस?"

"उद्या."

"मग आजच जाऊ."

आम्ही बसनेच गेलो. वाटेत त्यांनी मला फक्त एक सांगितलं: "तिथे मी काही विचारलं तरच बोल." तपासणीची पिशवी त्यांनी मुद्दाम नेली नव्हती. डॉक्टर घरी आलेली बघून चाळीतली दारं भराभर उघडली. मुलीची आई उठून उभी राहिली, पण या म्हणाली नाही. आजींनी मात्र चटई टाकली. दारात आलेल्या माणसाला उभं ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं.

डॉक्टरबाई चटईवर मांडी घालून बसल्या, चहा घेतला, गावाला किती दिवस, गणपती किती दिवसांचा, हे सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "शेजारच्या पोराला पण आणा बघू."

मुलाची आई त्याला घेऊन आली. डॉक्टरबाईंनी दोन्ही बाळं शेजारी शेजारी उताणी निजवली आणि दुपटी काढली. मुलाचे पाय बेडकासारखे दोन बाजूंना पडले. मुलीचे सरळ, जुळलेले राहिले. डॉक्टरबाईंनी मुलाचा पाय धरून हलवला, तो चिंधीसारखा हलला. मग आजींना म्हणाल्या, "आता हिचा पाय तुम्ही बाजूला करून बघा. जोर नाही करायचा."

आजींनी हात लावला. बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांचा हात थांबला. "घट आसा," त्या हळूच म्हणाल्या.

"याचं अंग सैल, म्हणून याला पायांवर जोर द्यायला शिकवलं. हिचं अंग ताठ. तिला आणखी ताठ व्हायला शिकवलं गेलं. यात कुणाचीच चूक नाही, चुकलंच असेल तर माझं, मी इथे नीट सांगितलं नाही."

आजींनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हंजे एकाक जुलाब झाले, दुसऱ्याचा पोट कोंडला, आणि आमी दोघांक एकच गोळी दिली. असाच मा?"

"अगदी असंच."

मुलाची आई रडायलाच लागली. "अगं मी चांगल्यासाठीच..." ती म्हणायला लागली, तर मुलीची आई तिच्यावरच खेकसली, "गप गं तू. तू नसतीस तर हे कळलं तरी असतं का?" मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. मला वाटतं, तिने हा प्रश्न इतके महिने कुणालाच विचारला नव्हता.

"ती चालेल का?"

"आज नाही सांगता येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही मुलांचा हा ताठरपणा वर्ष-दीड वर्षात जातो. काहींचा राहतो."

"मग आलात कशाला?"

"अजून वेळ आहे म्हणून."

डॉक्टरबाईंनी मग मला चकित केलं. त्या म्हणाल्या, "आजपासून ही मुलगी माझ्या अभ्यासात नाही. आता ती माझी पेशंट." इतक्या खटपटीने जमवलेलं एक बाळ त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं होतं. मुलीच्या आईचा चेहरा पडला. "म्हणजे नापास?"

"नापास कसली? तिने शाळाच सोडली. आता घरी शिकवणी."

शिकवणी अशी होती. मुलीला पायांवर उभं करायचं नाही. पाय सरळ बांधून दुपट्यात घट्ट गुंडाळायचं नाही. तेल लावताना पाय पोटाशी घ्यायचे, हळूहळू बाजूला न्यायचे. आणि दिवसभरात जमेल तितका वेळ तिला कडेवर घ्यायचं, एक पाय पुढे, एक मागे. कडेवर बसलं की पाय आपोआप फाकतात, कात्री उघडते. इतकी चिमुकली म्हणून तिला कुणी कडेवर घेतच नव्हतं, आडवीच धरायचे सगळे.

"गावाक न्यायचा काय नाय?" आजींनी विचारलं.

"न्या की. कडेवर घेणारी माणसं आहेत ना तिथे?"

"वाडीभर आसत!"

ते लोक गावाला गेले आणि तीन आठवड्यांनी आले. मामा, आत्या, चुलत आज्या, सगळ्यांच्या कडेवर फिरून मुलगी काळवंडून आली होती. पाय तसेच ताठ होते. थोडा फरक आहे असं डॉक्टरबाई म्हणाल्या, मला दिसला नाही. खरी कठीण वेळ त्यानंतर आली. पाटावर उभी राहणारी मुलगी आता नुसती कडेवर. गॅलरीत विचारणारे विचारतच. "काय गं, उभं राहायचं विसरली का तुझी पोरगी?" तिच्या बरोबरीची मुलं बसायला लागली, ती कलंडायची. मागे गेल्यासारखं दिसत असताना रोज तेच करत राहणं सोपं नसतं. मी निरोप द्यायला जायची तेव्हा मुलीची आई गप्प असायची. उत्तरं शेजारीण द्यायची. एकदा ती मुलगा एका कडेवर आणि मुलगी दुसऱ्या कडेवर घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि त्या उंदराचं पिल्लू म्हणणाऱ्या बाईच्या दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, कड मोकळी आहे ना तुमची? घ्या जरा हिला. डॉक्टरनी सांगितलंय." मावशींनी घेतलं. नंतर ती सवयच झाली. मुलीची आई पाण्यावर गेली की मुलगी कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असायची.

इकडे डॉक्टरबाईंनी आपला अभ्यासही बदलला. यापुढे चिठ्ठी बाळाच्या नावाची नाही, चाळीची काढायची. एका चाळीत शिकवायचं तर सगळ्यांना. दुसऱ्या चाळीला आधी नुसती तपासणी आणि वर्ष झालं की त्यांनाही शिकवायचं. आणि कुठल्याही बाळात ताठरपणा दिसला की गट वगैरे सोडून थेट उपचार. मला त्यांनी पाय हाताने तपासायला शिकवलं. तुम्ही म्हणाल तुला किती कळत होतं, तर फार नाही. पण बाळ ताटासारखं धरायचं मी एव्हाना सोडलं होतं.

शिमग्याच्या सुमारास मुलगी बसली. भिंतीला टेकून, पाय दोन बाजूंना फाकवून, मध्ये एक वाटी घेऊन. तिच्या वयाच्या मानाने उशीर होता, पण ती बसली होती आणि वाटी आपटत होती. आजी तिला म्हणाल्या, "आपट, आपट, तुजीच आसा," आणि वाटीला पोचा आला तरी कुणी ती काढून घेतली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी शेवटच्या वर्षाला होते. एका दुपारी तपासणीच्या खोलीत मी एका अगदी लहान बाळासमोर लाल गोळा फिरवत होते, तेवढ्यात मुलीची आई आली. तिची तारीख नव्हती. तिने दारातच मुलीला खाली उतरवलं, सतरंजीच्या कडेला. मुलीने तिचं बोट धरलं, मग सोडलं. आणि हात दोन्ही बाजूंना पसरून, सर्कशीत दोरीवर चालणाऱ्या बाईसारखी, ती तीन-चार पावलं टाकत सतरंजीवर आली. तिथे तिला लाल गोळा दिसला. ती थांबली, उभी राहिली, आणि त्याच्याकडे बघत राहिली.

डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्या, गुडघ्यांवर बसल्या, मग साडी सावरत चक्क लादीवर आडव्या झाल्या. त्यांचा गाल जमिनीला लागला होता. मुलीच्या पावलांच्या उंचीवरून त्या बघत होत्या. खोलीतली दुसरी आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"उजवी टाच टेकलीय. पूर्ण," खालून आवाज आला. थोड्या वेळाने, "डावी अजून जरा वर आहे. रुसलीय."

मुलीच्या आईने पदराने मुलीच्या तोंडावरचं पाणी पुसलं. "रुसू दे," ती म्हणाली. "काढीन समजूत."

मग तिने मुलीला उचललं, कडेवर टाकलं आणि त्या दुसऱ्या आईशेजारी जाऊन बसली. "किती महिन्यांचं?" तिने विचारलं, आणि विचारता विचारता त्या बाळाच्या पायावरचं दुपटं तिने बोटाने सैल केलं.